नऊ पॉइंट चार

सुमंगला पांगरीकर मॅडम वाईट आहेत असं जांभळखडीत कुणी म्हणालं असतं, तर कॉलेजसमोरच्या चहावाल्यानंसुद्धा त्याच्याशी भांडण काढलं असतं. सव्वीस वर्षं बाई परभणीहून एसटीनं येतात. झरी मागं टाकायची, बोरीला उतरायचं, तिथून पुढं काळीपिवळी जीप. कधी उशीर नाही, कधी कुणाला वावगं बोलणं नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि पोरींना आईसारख्या आहेत, असं सगळं गाव म्हणतं. गावाचं खोटंही नाही. पण माणूस वाईट नसला म्हणजे त्याच्या हातून वाईट होतच नाही, असं कुणी सांगितलं? वाईट माणसाला निदान सराव असतो, कुठं थांबायचं ते त्याला कळतं. चांगल्या माणसानं एकदा करायला घेतलं की बघायलाच नको.

आधी ह्या नऊ पॉइंट चारचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट बसेल.

बीएस्सीला एक प्रॅक्टिकल असतं. पाणी किती जड आहे ते काढायचं. जड म्हणजे क्षाराचं, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही, ते. काचेच्या चंबूत मोजून पन्नास मिली पाणी घ्यायचं. त्यात दोन औषधं घातली की ते डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. वर स्टँडला ब्युरेट लावलेली असते. लांब काचेची नळी, आत तिसरं औषध, अंगावर रेघा, खाली तोटी. तोटी हळूहळू सोडायची आणि चंबू हलवत राहायचा. एका थेंबाला लाल पाणी निळं होतं, तिथं तोटी बंद करायची. नळीतलं किती मिली खर्च झालं, ते रिडिंग. रिडिंग जेवढं जास्त तेवढं पाणी खराब. एवढंच विज्ञान ह्या गोष्टीत आहे, ह्यापुढं काही नाही.

मॅडम नोकरीला लागल्या तेव्हा दत्तोपंत सर विभागप्रमुख होते. मोठा कडक माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मॅडमना कॉलेजच्या विहिरीचं पाणी दिलं आणि म्हणाले, काढ रिडिंग. मॅडमनी तीनदा काढलं, तिन्ही वेळा नऊ पॉइंट चार आलं. सरांनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." त्यांच्या तोंडून असं काही ऐकलेलं माणूस अख्ख्या कॉलेजात दुसरं नव्हतं. मॅडमनी ते रिडिंग विभागाच्या जाड जर्नलात सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं.

पुढं सर रिटायर झाले, वारले. वर्ग मोठे झाले, ब्युरेटी फुटल्या, नव्या आल्या नाहीत. एका वर्षी मॅडम घाईत पोरांना म्हणाल्या, साधारण नऊ पॉइंट चार यायला पाहिजे बरं का. झालं. पोरांना तेवढंच पाहिजे होतं. पुढच्या वर्षापासून तोटी कुणी सोडलीच नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅबमधला परिचर वैजीनाथ दारात उभा राहून एकेकाच्या कानात सांगायचा, "नऊ पॉइंट चार. ध्यानात ठिवा." पोरं लिहायची, मॅडम बरोबरची खूण करायच्या, बाहेरून आलेले परीक्षक गुलाबजाम खाऊन सही करायचे. वाईट कुणीच नव्हतं ह्यात. सगळे आपापलं काम करत होते.

मधल्या काळात विहीर आटली. ती बुजवून तिथं सायकल स्टँड केलं आणि सहाशे फूट बोअर घेतलं. पाणी बदललं, रिडिंग बदललं नाही. दरवर्षी जूनमध्ये मॅडम त्याच आकड्यावर 'पाणी पिण्यास योग्य' असा दाखला सही करून ऑफिसला द्यायच्या. तो नोटीस बोर्डावर लागायचा, आणि निम्मं गाव कॉलेजच्या नळावर घागरी भरायचं. वैजीनाथ बोअर घेतल्यापासून तेच पाणी पीत होता. दोनदा त्याचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणायचे पाणी भरपूर प्या, मग तो अजून प्यायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं. बिघडलं ते पोरं यायची बंद झाली म्हणून. तिसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावर अकरा नावं. त्यातले चार पुण्याला कंपनीत, दोघी लग्न होऊन गेलेल्या, उरलेले परीक्षेपुरते. सगळं मोबाईलवर मिळतंय, तुमच्याकडं कशाला यायचं, असं एका पोरानं मॅडमना तोंडावर विचारलं होतं. मॅडमची पाच वर्षं राहिली होती नोकरीची. विद्यार्थी नाहीत म्हणून विभाग बंद पडला, तर अतिरिक्त ठरवून कुठं लांब धाडतील, ह्याचा घोर त्यांना आतून खात होता.

त्यातच विद्यापीठानं नवी टूम काढली. ज्यानं घरी बसून, स्वतःचं स्वतः शिकलंय, त्यानं सरळ परीक्षा द्यावी. लेखी कॉम्प्युटरवर. प्रॅक्टिकल जवळच्या कॉलेजात. दोन्हीत पास झालं की एकदम तिसऱ्या वर्षाला प्रवेश, हॉस्टेल आणि फी माफ. प्रॅक्टिकलला वर्षभरात दोनच संधी. दोन्ही गेल्या की लेखीचे मार्कही पाण्यात.

आणि ऑगस्टमध्ये एके दिवशी पंकजा आली.

बोरीकडच्या एका वस्तीवरची पोरगी, वीस-एकवीसची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. बारावीला चांगले मार्क पडले, पण कॉलेजात घातलं तर सहा महिने कारखान्यावर कोण जाणार, म्हणून घातलं नाही. पोरीनं काय केलं, तर उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत बसून, मोबाईलवर फुकटची लेक्चरं बघून दोन वर्षांचं सगळं रसायनशास्त्र संपवलं. लेखी दिली. शंभरात एक्क्याण्णव. मॅडमच्या सव्वीस वर्षांत एवढे मार्क एकालाही पडले नव्हते.

"मॅडम, एक डाव ब्युरेट हातात धरू द्या," ती म्हणाली. "मी खरी ब्युरेट बघितलीच न्हाई. सलाईनची बाटली टांगून करायलेय."

"सलाईनची?"

"दवाखान्यातून टाकून दिलेली आणली. तिला ते गोल चाक असतंय की, थेंब कमी-जास्त करायचं. चुन्याच्या निवळीत हळद टाकायची, लाल हुतंय. वरून लिंबाचा रस थेंब थेंब सोडायचा. एका थेंबाला पिवळं हुतंय, मॅडम. लय भारी वाटतंय बघा."

तिचा चेहरा असा फुलला होता की कुणी दुसरं असतं तर हातातलं काम टाकून तिला लॅबमध्ये नेलं असतं. मॅडमना मात्र बरं वाटलं नाही. का ते त्यांना सांगता आलं नसतं. त्या म्हणाल्या, "रेग्युलर विद्यार्थ्यांशिवाय लॅब उघडता येत नाही, नियम आहे." लॅबचं कुलूप त्या वर्षी अजून निघालंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

"बरं मॅडम," पोरगी म्हणाली, आणि जाताना पाया पडून गेली.

परीक्षा ऑक्टोबरमध्ये ठरली. दसरा झालेला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत. पंकजाच्या घरी सरळ सांगितलेलं होतं: पास झालीस तर शीक बाई, आम्ही आडवे येत नाही, न्हाई तर परमेश्वरचं स्थळ आहेच, त्याच्या घरचे थांबलेत, चार दिवसांत लग्न आणि पाचव्या दिवशी ट्रक. ऊसतोडीला जोडी लागते. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही, आणि परमेश्वरला जोडीदारीण पाहिजे होती. हे सगळं मॅडमना वैजीनाथनं सांगितलं होतं. माहीत नव्हतं असं त्यांना म्हणायची सोय नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राचार्य भुजंगरावांनी मॅडमना बोलावून घेतलं. गोड माणूस. खुर्ची स्वतः पुढं ओढून दिली.

"मॅडम, ही पोरगी पास झाली ना, की पेपरात फोटो येणार. फडावर शिकली म्हणून. मग अख्खा तालुका म्हणणार, कॉलेजात कशाला जायचं. आधीच अकरा आहेत तुमच्याकडं. संस्थेचे लोक मला विचारायलेत, नुसतं परीक्षा केंद्र ठेवलं तर नाही का चालणार? काचा धुवायला एक माणूस, वर लक्ष ठेवायला एक. बस."

मॅडम खुर्चीतून उठायला लागल्या.

"नापास करा असं मी म्हणत नाही हां," भुजंगराव म्हणाले. "तुम्ही तसं करणाऱ्यातल्या नाहीतच. मी फक्त कानावर घातलं."

परीक्षेला बाहेरून केयूर नावाचे तरुण परीक्षक आले होते. नांदेडकडचे, कंत्राटावर, पण माणूस धड होता. औषधं विद्यापीठानं सीलबंद पाठवलेली. पाणी मात्र ज्या त्या कॉलेजच्या नळाचं घ्यायचं, आणि त्याचं खरं रिडिंग विभागानं पाकिटात घालून परीक्षकाला द्यायचं, असा नियम. मॅडमनी पाकिटात काय घातलं असेल ते सांगायला नको.

परीक्षेला एकटी पंकजा. नवा ड्रेस, तेल लावून चापून घातलेली वेणी. दारात वैजीनाथनं तिला अडवलं. गावाकडच्या नात्यानं ती त्याला मामा म्हणायची.

"नऊ पॉइंट चार," तो कानाशी म्हणाला. "दुसरं काय बी आलं तरी हेच लिव्ह."

"आलं तर लिहिते की मामा," ती म्हणाली.

तिनं ब्युरेट भरली. मॅडम लांब खुर्चीवर बसून बघत होत्या. पोरीनं तोटी डाव्या हातानं धरली, उजव्यानं चंबू हलवायला लागली. कुठं घाई नाही, थरथर नाही. दत्तोपंत सर अशीच तोटी धरायचे. सलाईनच्या बाटलीवर शिकलेला हात तो, आणि त्यांच्या सव्वीस वर्षांतल्या पोरांत असा एक हात निघाला नव्हता.

पंकजानं तीनदा केलं. तिन्ही वेळा एकतीस पॉइंट दोन. मग गणित मांडलं आणि खाली दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या: पाण्याचा जडपणा सहाशे चोवीस येतो, पिण्याच्या पाण्याची शेवटची हद्द सहाशे आहे, म्हणून हे पाणी पिऊ नये. उत्तरपत्रिका तिनं केयूर सरांकडं नाही, मॅडमकडं नेली.

"बरोबर हाय ना मॅडम?" ती हळूच म्हणाली. "मामांनी नऊ सांगितलं हुतं. पर आलं न्हाई. मी म्हणलं, मॅडमला म्हायती नसंल पाणी बिघडलेलं, सांगावं. लोकं पितेत की."

इथं चुकली पोरगी. तिला वाटलं शिकवणाऱ्या माणसाला खरं कळलं की आनंद होतो. तिच्या मोबाईलमधल्या सरांना होत असेल.

केयूर सरांनी पाकीट फोडलं, आकडा बघितला, पत्रिका बघितली, कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, फार फरक आहे. पण तिन्ही रिडिंग सारखी आहेत हिची, आणि हातही चांगला दिसतोय. असं करा, तुम्ही एकदा स्वतः करून बघा. तुमचं येईल ते अंतिम. मी तोवर प्राचार्यांकडं चहा घेऊन येतो."

'हात चांगला.' तेच शब्द. पंकजाला व्हरांड्यात बसवलं. लॅबमध्ये मॅडम आणि वैजीनाथ एवढेच राहिले.

अकरा वर्षांनी मॅडमनी ब्युरेट धरली. पहिल्यांदा बोटं अडखळली, मग आपोआप जाग्यावर गेली. लाल पाणी चंबूत फिरायला लागलं. नऊपाशी आल्यावर हात आपसूक मंदावला. नऊ पॉइंट दोन. तीन. चार. लालच. मॅडमनी दम धरला आणि पुढं सोडलं. बारा, अठरा, चोवीस. तिसाच्या पुढं त्या एकेक थेंब मोजायला लागल्या, आणि एका थेंबाला पाणी निळं झालं. एकतीस पॉइंट दोन.

खरं सांगायचं तर त्या क्षणी बाईंना आनंद झाला. निव्वळ आनंद. आपल्या हाताला अजून येतंय ह्याचा. किती वर्षांत त्यांनी काही स्वतः शोधून काढलं नव्हतं. दार उघडून पोरीला आत ओढावी आणि म्हणावं, बघ गं, माझंही तेच आलं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं.

मग त्यांना नोटीस बोर्ड आठवला. बोअर घेतल्यापासूनचे अकरा दाखले, अकरा सह्या, प्रत्येकीखाली नाव आणि हुद्दा. मग अकरा पोरांचा हजेरीपट आठवला, भुजंगरावांची पुढं ओढलेली खुर्ची आठवली.

वैजीनाथ मागंच उभा होता. त्यानं निळं पाणी बघितलं, नळीवरची रेघ बघितली. त्याचा हात नकळत कमरेवर, जिथं दुखायचं तिथं गेला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी तर हेच प्यायलोय."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं नाही. चंबू त्याच्या हातात दिला. "धुऊन टाका," त्या म्हणाल्या.

तीन वर्षं राहिलेली त्याची नोकरीची. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. त्यानं बेसिनचा नळ सोडला, त्याच बोअरचं पाणी चंबूत घेतलं आणि दोनदा खळबळून धुतलं.

केयूर सर आले. "किती?"

"नऊ पॉइंट चार," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून ते किती सहज निघालं ह्याचं त्यांनाच नवल वाटलं. केयूर सरांनी खांदे उडवले आणि प्रॅक्टिकलपुढं शून्य लिहिलं. नियम नियम असतो. सही करता करता म्हणाले, "पुढच्या वेळपासून ही भानगड राहणार नाही. पाण्याचा नमुना आधीच विद्यापीठात जाणार, रिडिंगही तिकडूनच येणार."

पंकजाला आत बोलावून सांगितलं. ती रडली नाही. तिला ते कळतच नव्हतं.

"मॅडम, मी परत करते. तुमी हितं माझ्याजवळ उभ्या ऱ्हावा. चुकलं तर हातावर मारा."

"हे बघ पंकजा," मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, आईसारख्या, "लेखी वेगळं आणि प्रयोग वेगळा. हात लॅबमध्ये तयार होतो. मोबाईलवर आणि सलाईनच्या बाटलीवर नाही होत."

पोरीनं वैजीनाथकडं बघितलं. तो ओला चंबू फडक्यानं पुसत होता आणि पुसतच राहिला.

"म्हंजी माझा हातच खराब," ती म्हणाली. जाताना ती मॅडमच्या पाया पडायची राहिली नाही, हे मुद्दाम सांगतो.

पाचव्या दिवशी देवगाव फाट्याहून ट्रक निघाला. सुतारकाम केल्यासारखी लग्नं लावतात आमच्याकडं त्या दिवसांत, मोजमाप घेतलं की ठोकलं. पंकजाच्या अंगावर हळद होती, आणि ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्याशेजारी ती परमेश्वरला टेकून नाही, कोंबड्यांच्या डाल्याला टेकून बसली होती. वैजीनाथ फाट्यावर होता तेव्हा. त्यानं मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सुखी राहू दे."

केयूर सरांचं वाक्य मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. नमुना विद्यापीठात जाणार, म्हणजे खरा आकडा तिकडून येणार. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी जाड जर्नल काढलं, नऊ पॉइंट चारवर व्हाइटनर फासला, आणि वाळल्यावर त्याच सुवाच्य अक्षरात एकतीस पॉइंट दोन लिहिलं. नोटीस बोर्डावरचा दाखला काढून घेतला, दुसरा लावला नाही. भुजंगरावांनी काही विचारलं नाही. आठ दिवसांत त्यांच्या केबिनला आणि स्टाफरूमला फिल्टर बसला. गावाचा नळ तसाच चालू राहिला. सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागलं असतं.

जानेवारीत दुपारच्या सुट्टीत मॅडमचा फोन वाजला. पलीकडं वारा, ट्रॅक्टरचा आवाज.

"मॅडम, पंकजा बोलायलेय. एप्रिलला दुसरी संधी हाय ना माझी?"

"हो, आहे."

"ह्यांनी एकच डाव जाऊ देतो म्हणलंय. मोबाईल बी ह्यांच्याकडंच असतोय आता, पर लेखीचं झालेलंच हाय." मग म्हणाली, "मी लय इचार केला मॅडम. माझंच चुकलं. मोठी माणसं सांगायलेत, आपण शहाणपण करायचं न्हाई. ह्या येळी मी नऊ पॉइंट चारच लिहिते."

मॅडमच्या हातात डबा होता. तो त्यांनी खाली ठेवला.

आता काय हरकत होती? एक वाक्य. प्रयोग कर आणि येईल ते लिही, एवढंच म्हणायचं होतं. कुणाचं नाव घ्यायला नको, कुणाची माफी मागायला नको. पण पोरगी हुशार. लगेच विचारलं असतं, मग मागच्या येळी? एक धागा ओढला की सगळंच सांगावं लागणार, आणि कुणाला, तर फडावरच्या पोरीला. मॅडमना आपलाच श्वास फोनमध्ये ऐकू येत होता.

"मॅडम? ऐकू यायलंय ना?"

"हो. चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "ये तू."

मार्चमध्ये रेग्युलर पोरांचं प्रॅक्टिकल झालं. दारात उभं राहून वैजीनाथनं सांगितलं, "एकतीस पॉइंट दोन." एक पोरगी म्हणाली, "मामा, मागच्या साली तर नऊ होतं." तो म्हणाला, "बदललंय." "कुणी काढलं?" "मॅडमनी," तो म्हणाला. मॅडम तिथंच होत्या, त्यांनी ऐकलं. विद्यापीठाचा आकडा एकतीस पॉइंट दोनच आला. अकराच्या अकरा पोरं, ब्युरेटीला बोट न लावता, पूर्ण मार्कांनी पास.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. पुढच्या वर्षापासून रसायनशास्त्राला नवे प्रवेश नाहीत. विभाग बंद, परीक्षा केंद्र चालू. मॅडम अतिरिक्त. म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते टिकलंच नाही. पत्र वाचून बाईंना वाटलं, आता तरी पोरीला सांगून टाकावं, आता राहिलंय काय आपलं. नंबर लावला. परमेश्वरनं उचलला. "काय काम हाय?" त्यानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "काही नाही, तारीख सांगायची होती." आणि तारीख सांगितली.

परीक्षेच्या दिवशी वैजीनाथ परभणीला दवाखान्यात होता, तिसऱ्या ऑपरेशनसाठी. दारात सांगायला कुणी नव्हतं. असता तर त्यानं नवा आकडा सांगितला असता. निदान तेवढं तरी केलं असतं त्यानं, असं मला वाटतं.

पंकजा आली. साडी, गळ्यात काळी पोत, उन्हानं रापलेली. डाव्या हाताच्या अंगठ्याला कोयत्याचा वण, अजून लाल. परमेश्वर बाहेर मोटरसायकलवर बसून राहिला होता. केयूर सरच आले होते पुन्हा. त्यांनी तिला ओळखलं आणि हसून म्हणाले, "सावकाश कर, वेळ आहे."

तिनं ब्युरेट शून्यापर्यंत भरली, खालपासून वरपर्यंत एकदा तिच्यावरून बोट फिरवलं, आणि स्टुलावर बसली. तोटीला हात लावला नाही. मग पेन घेऊन तक्ता आखला, आणि मॅडम लांबून बघत असताना एकाखाली एक तीन वेळा लिहिलं: नऊ पॉइंट चार, नऊ पॉइंट चार, नऊ पॉइंट चार. कॉलेजनं तिला शिकवलेली ही एकुलती एक गोष्ट, आणि ती तिनं न चुकता पाठ केली होती.

खाली ह्या वेळी जास्तीच्या ओळीही होत्या. पाणी पिण्यास योग्य आहे, असं लिहिलं होतं.

केयूर सरांनी विद्यापीठाकडून आलेला एकतीस पॉइंट दोन बघितला, पत्रिका बघितली, शून्यापर्यंत भरलेली ब्युरेट बघितली आणि मॅडमजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "वाईट वाटतं बघा. मागच्या वेळी निदान प्रयोग तरी केला होता हिनं. ह्या वेळी थेंबभर सोडलं नाही. उन्हाळ्यात बोअरचं पाणी बदललंय, आणि हिनं कुठून तरी जुना आकडा उचललाय." मग सुस्कारा टाकून शून्य लिहिलं आणि सहीसाठी कागद मॅडमपुढं सरकवला. दुसरी संधी संपली होती. त्याबरोबर लेखीचे एक्क्याण्णवही.

मॅडमनी सही केली. नाव, हुद्दा, तारीख.

निकाल तिथं सांगायचा नसतो, आठ दिवसांनी मोबाईलवर येतो. पंकजा स्टुलावरून उठली, पदर नीट केला आणि मॅडमपाशी आली. बाहेर परमेश्वरनं हॉर्न वाजवला.

"मॅडम, आता बरोबर हाय ना?" तिनं विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या. "बरोबर आहे. जा तू आता."

पोरगी हसली. ऑगस्टमध्ये हसली होती तशी. मग खाली वाकून तिनं मॅडमच्या दोन्ही पायांवर हात ठेवले, आणि मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.